टिटवी ठणठणीत आहे

शालनताई आहेर रोज सकाळी पावणेसातला स्वयंपाकघरातून एकच प्रश्न विचारायच्या, "केतकी, डबा घेतलास का?" आणि त्यांची सून रोज सकाळी त्या प्रश्नाला उत्तर न देता घराबाहेर पडायची. रागाने नव्हे हो. तिला तो प्रश्न ऐकूच जायचा नाही. कानात फोन, डोक्यात कारखाना आणि एक पाय चपलेत. आठवड्यातून दोनदा तरी डबा ओट्यावर राहायचा, मग शालनताई आपल्या डब्याबरोबर तोही पिशवीत घालून मागच्या बसने निघायच्या. सासू-सून एकाच कारखान्यात कामाला होत्या, आणि वर सून सासूची साहेब होती. दिंडोरी रस्त्यावरच्या अख्ख्या वसाहतीत असा दुसरा संसार सापडला नसता. मुलगा सुहास शाळेत चित्रकला शिकवायचा आणि दोघींच्या मधे पडायचा नाही. शहाणा माणूस.

कारखाना पिंगळे साहेबांचा, आणि तोही विमानांचा. आठ माणसांचं छोटं विमान, अर्धं बॅटरीवर आणि अर्धं इंधनावर चालणारं, तालुक्याच्या गावाबाहेरच्या आखूड धावपट्टीवरही उतरणारं. उद्योजक, डॉक्टर, ज्यांना वेळेला पोचायचंच आहे अशांसाठी. दिल्लीच्या जाहिरातवाल्यांनी त्याला सात-आठ इंग्रजी नावं सुचवली होती. पिंगळे साहेबांनी ती सगळी बाजूला सारली आणि नाव ठेवलं 'टिटवी'. टिटवी ओरडली की अपशकुन, असं कुणीतरी बिचकत म्हटलंच. साहेब म्हणाले, प्रसंग आला तर टिटवीसुद्धा समुद्र आटवते हेही आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय, आणि आपली टिटवी काही ओरडत नाही, ती बोलते.

ते खरं होतं. टिटवी बोलायची, आणि तिला बोलतं केलं होतं केतकीने.

टिटवीचं अंग धातूचं नव्हतं. कार्बनच्या कापडाचे थर एकावर एक चिकटवून, भट्टीत भाजून ते केलेलं होतं. असं अंग हलकं आणि चिवट असतं, पण त्याची एक खोड आहे. पत्र्याला मार बसला की पोचा पडतो आणि तो आंधळ्यालाही कळतो. कार्बनच्या अंगाला मार बसला तर वरून सगळं गुळगुळीत, आणि आत मात्र थर एकमेकांपासून सुटलेले. यावर जगभर एक जुनी, साधी तपासणी चालत आलेली. नाणं घ्यायचं आणि अंगावर ठोकत जायचं. थर घट्ट असले तर आवाज येतो टण्ण. सुटलेले असले तर थप्प. बस्स, एवढंच. पण 'टण्ण' आणि 'थप्प' यांच्या मधे आणखी वीसेक आवाज असतात, आणि ते ओळखायला कान लागतो.

तो कान शालनताईंकडे होता. आयटीआय करून त्या विसाव्या वर्षी या कामाला लागल्या. आता अठ्ठावन्न पुरी होत आली होती. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं रुमालाच्या गाठीत बांधून त्या हँगरभर फिरायच्या. पाच रुपयाला काडेपेटीही मिळेनाशी झाली, तरी ते नाणं त्यांनी कधी मोडलं नाही. त्यांनी सही केल्याशिवाय विमान जागचं हलायचं नाही.

मग केतकी आली. आधी कारखान्यात आणि नंतर घरात. तिने कार्बनच्या थरांमध्ये केसाहून बारीक काचेचे तंतू विणले. तंतूंतून सारखा प्रकाश खेळतो. अंग कुठे ताणलं, थरथरलं, आत कार्बनचा एखादा धागा जरी तुटला, तरी त्या जागी प्रकाशाचा रंग रेसभर बदलतो. अशा चार हजार जागा. त्या सगळ्यांचा निरोप एका संगणकाकडे जातो आणि संगणक विमानाच्या वतीने बोलतो. सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरवी अक्षरं येतात, 'मी ठणठणीत आहे'. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच, असं कॅन्टीनमध्ये शालनताईंना ऐकवणारे कमी नव्हते. त्या फक्त म्हणायच्या, तिखट आहे खरी, पण मीठ अजून माझ्याच हातचं लागतं.

आता काय बिघडलं हे कळायचं, तर आधी नेहमीचं काय हे कळायला हवं. म्हणून नव्या टिटवीला नव्वद दिवस शिकायला ठेवलं होतं. घरात तान्हं बाळ मिक्सरच्या आवाजाने चार दिवस दचकतं आणि पाचव्या दिवशी त्याच आवाजात ढाराढूर झोपतं, तसंच हे. इंजिनाची घरघर, चाकाखालचे खड्डे, उन्हाने अंग फुगणं, पंखावर बसणारा कावळा, जे जे पुन्हा पुन्हा घडे ते संगणक केतकीला विचारून 'ओळखीचं' म्हणून बाजूला टाकी. नाहीतर कावळा बसला तरी विमानाने बोंब ठोकली असती.

ते नव्वद दिवस हँगरातल्या लोकांना मात्र वेगळ्याच कारणासाठी लक्षात राहिले. दिवसाचं पहिलं इंजिन नारळाशिवाय सुरू करायचं नाही, ही हँगरातली रीत. नारळ फोडायचा मान शालनताईंचा. फरशीवर फोडला तर तुकडे उडतात आणि तुकडा इंजिनात गेला तर पुढचं बघायलाच नको. म्हणून त्या तो टो-बारवर फोडायच्या. टो-बार म्हणजे विमानाच्या नाकाखालच्या चाकाला जोडून ते ओढायचा लोखंडी दांडा. त्याच्यावर एक नेमका ठोका, खाली पातेलं, वाया काही जायचं नाही. नव्वद दिवसांत कॅन्टीनमध्ये खोबऱ्याची चटणी नाही असा दिवस गेला नाही.

शिकून झालं, परीक्षा झाल्या, आणि या जानेवारीत सरकारी मंजुरी आली. यापुढे टिटवीने स्वतः 'ठणठणीत' म्हटलं की पुरे. टकटक करणाऱ्या माणसाची सही नको. शालनताई महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्याच. त्यांच्या जागी कुणाला घ्यायचं हा प्रश्नही आपोआप मिटला.

त्याच महिन्यात ओझरच्या धावपट्टीलगत विमानांचं मोठं प्रदर्शन भरलं. परदेशी बिझनेस जेट हंसांसारखी ओळीने उभी. त्यांच्या पायऱ्यांशी लाल गालिचा, बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या आणि तीन भाषांत हसणाऱ्या मुली. टिटवीच्या पायऱ्यांशी असलं काही नव्हतं, तरी नाशिककर मंडळी आपणहून चपला खाली काढून वर चढत होती. पिंगळे साहेबांनी शालनताईंनाही स्टॉलवर उभं केलं होतं, शेजारी पाटी, 'पूर्वीची पद्धत'. पाटी बघून सुहासला राग आला. शालनताईंना नाही आला. त्या म्हणाल्या, अजून मी उभी आहे आणि पाटीला खिळे ठोकलेत, यातलं पूर्वीचं कोण ते कळेलच.

केतकीचा खेळ बघायला गर्दी व्हायची. ती एक द्राक्ष घ्यायची आणि अलगद पंखावर ठेवायची. लगेच पडद्यावर अक्षरं यायची, 'उजव्या पंखावर काहीतरी हलकं ठेवलं आहे.' लोक टाळ्या वाजवायचे आणि एखादा गृहस्थ उरलेला घड उचलून खायचा.

पहिल्या दिवशी दुपारी कोल्हापूरच्या डॉक्टर जयमाला घोरपडे आल्या. छातीच्या डॉक्टर, साठी उलटलेली, आवाज असा की माइक नकोच. कुणाचं हृदय नांदेडला मिळालं आणि रुग्ण कोल्हापुरात असला तर चार तासांत ते पोचवायला त्यांच्या संस्थेला विमानं हवी होती. एक नाही, बारा. पिंगळे साहेब त्या दिवसाकडे दोन वर्षं डोळे लावून बसले होते. ही मागणी आली तर टिटव्या उडणार होत्या, नाही आली तर कारखान्यात दुसऱ्यांच्या ड्रोनचे पंख बनणार होते, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंनी द्राक्षाचा खेळ बघितला, मान हलवली आणि सरळ शालनताईंच्या पाटीशी आल्या. शालनताईंनी नाण्याने दारापासून शेपटीपर्यंत टकटक करून दाखवलं. ते ऐकता ऐकता घोरपडेबाईंनी डाव्या हाताचं बोट टिटवीच्या पोटाला लावलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकलं. छाती तपासताना आपणही हेच करतो की, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. पाणी भरलेलं असलं तर असंच थप्प वाजतं. आता पोरं पेशंटला हात न लावताच स्कॅनला पाठवतात. दोघी बायका बराच वेळ विमान वाजवत राहिल्या. जाताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, उद्या बाराला मला घेऊन उडा, खाली उतरल्यावर तिथेच सही करते. सोबत, पुढच्या खुर्चीत, हे यंत्र बनवणारी पोरगी हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला एका भल्या मोठ्या जेटला वळायला जागा हवी होती, म्हणून टिटवीला सहा फूट मागे घ्यायचं ठरलं. प्रदर्शनवाल्यांच्या कंत्राटदाराचा ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्याला पाच ठिकाणांहून बोलावणी होती, उतावळा झालेला. त्याने टो-बार जोडला आणि गडी असा हिसडा देऊन निघाला की धाडकन आवाज झाला. चहाच्या स्टॉलवर उभ्या शालनताईंच्या कपातला चहा बशीत सांडला, तो धक्क्याने नव्हे, दचकल्याने.

त्या धावत आल्या. केतकी आधीच पडद्यासमोर होती. हिरवी अक्षरं. 'मी ठणठणीत आहे.' ट्रॅक्टरवाला म्हणाला, बघा, काही झालं नाही. शालनताईंनी रुमालाची गाठ सोडली आणि नाकाखाली वाकून ठोकायला सुरुवात केली. टण्ण, टण्ण, टण्ण, आणि मग चाकाचा पाय जिथे अंगात शिरतो तिथे, तळहाताएवढ्या जागेत, थप्प.

त्यांनी तीनदा ठोकून पाहिलं आणि त्या जागेभोवती खडूने रेघ ओढली. मग सुनेला बाजूला घेऊन सांगितलं की नाकाशी थर सुटलेत, विमान उडवू नकोस.

केतकीने उडवाउडवी केली नाही हे तिच्या बाजूने सांगायला हवं. तिने सगळ्या चार हजार जागा उघडून पाहिल्या. नाकाशी काहीही नव्हतं. आत पाहणारं अल्ट्रासाउंडचं यंत्र दिंडोरीला, कारखान्यात होतं. ते खोलून, आणून, पुन्हा जुळवायला तीन तास लागले असते आणि बाराचं उड्डाण गेलं असतं. आणि का घालवायचं? जे यंत्र द्राक्ष ओळखतं त्याला धक्का ओळखू येणार नाही? मग जे बोलायचं नव्हतं तेही ती बोलली.

"आई, डिसेंबरमध्ये कंपनीने सगळ्यांचे कान तपासले ना. तुमचा रिपोर्ट माझ्याकडेच आला होता. डावा कान बराच उतरलाय तुमचा. मी मुद्दामच बोलले नव्हते."

शालनताईंनी नाणं पुन्हा रुमालात बांधलं. त्यांना रिपोर्टचं वाईट वाटलं नाही. सून महिनाभर गप्प राहिली, आपल्याला सांभाळून घेत राहिली, त्याचं वाटलं. पिंगळे साहेबांकडे जाऊन त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. साहेबांनी आदराने ऐकलं आणि आदरानेच घड्याळात पाहिलं. सहीचा अधिकार आता केतकीचा, एवढंच ते म्हणाले.

त्या चहाच्या स्टॉलवर परत गेल्या. मनात एकच विचार घोळत होता, खरंच आपला कान गेलाय का? अडतीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं, तोच आता खोटं सांगतोय? समोर धुतलेल्या कपांची चळत होती. शालनताईंनी नाणं काढलं आणि एकेक कप वाजवायला घेतला. चहावाला बघतच राहिला. सतराव्या कपाशी त्या थांबल्या, हा तडकलाय म्हणाल्या. कप अख्खा दिसत होता. चहावाल्याने हसत हसत त्यात उकळता चहा ओतला आणि कप मधोमध फुटून चहा त्याच्या बनियनवर गेला. शालनताईंनी त्याची माफी मागितली, पण त्यांचा जीव भांड्यात पडला होता. कान शाबूत होता. डावा नसेल, उजवा होता. म्हणजे टिटवी ठणठणीत नव्हती, आणि बाराला तिच्या पुढच्या खुर्चीत केतकी बसणार होती.

पण पुरावा कुठून आणायचा? हाताच्या कांकणाला आरसा लागत नाही हे खरं, पण इथे कांकण कानात होतं.

पावणेबाराला सगळे जमले. घोरपडेबाई आल्या, पिंगळे साहेब नवा कोट घालून आले, आणि केतकीने द्राक्षाचा खेळ पुन्हा करून दाखवला. पडद्यावर अक्षरं उमटली, 'उजव्या पंखावर काहीतरी हलकं ठेवलं आहे.' टिटवीला ओढून नेण्यासाठी टो-बार पुन्हा जोडलेला होता. साहेबांनी नारळ मागवला आणि तो शालनताईंच्या हातात दिला. ताई, तुमचाच हात, म्हणाले.

शालनताईंच्या मनात आलं, नारळ खाली ठेवावा आणि चाकासमोर बसकण मारावी. सुनेची शोभा होईल ती होवो, बारा विमानं जावोत. पण रीत ती रीत, हात आपसूक वर गेला. त्यांनी नेहमीसारखा एकच नेमका ठोका टो-बारवर मारला. कडाड आवाज झाला, पाणी पातेल्यात पडलं, दोन भकलं हातात आली. आणि सवयीने त्यांची नजर केतकीच्या हातातल्या पडद्यावर गेली.

पडद्यावर अजून तेच होतं. उजव्या पंखावर काहीतरी हलकं.

"केतकी," त्या म्हणाल्या, "हिला द्राक्ष कळतं, आणि नारळ कळत नाही?"

दोघे-तिघे हसले. केतकीही हसायला लागली आणि मधेच थांबली. तिने कानातला फोन काढून खिशात टाकला. सासूला म्हणाली, पुन्हा मारा. शालनताईंनी करवंटी टो-बारवर आपटली. पडदा गप्प. त्यांनी नाण्याने दाराशी साधी टकटक केली. पडदा लगेच म्हणाला, 'दाराजवळ कुणीतरी ठोकत आहे.' पुन्हा करवंटी. पडदा पुन्हा गप्प.

केतकीने बोटाने पडदा वर सरकवला, शिकण्याच्या नव्वद दिवसांची यादी उघडली, आणि तिचा चेहरा उतरला. यादीत लिहिलं होतं, 'नाकाच्या चाकाकडून ठोका. दिवसातून एकदा, पहिल्या इंजिनाआधी. नव्वद वेळा. ओळखीचा. मान्यता: केतकी आहेर.'

प्रकार असा होता. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही. रोज सकाळी टो-बारवरून एक ठोका टिटवीच्या नाकात शिरत होता, कधी लहान नारळाचा, कधी मोठ्या, त्यामुळे आवाज कमी-जास्त असणारच हेही ती शिकली. करवंटीत धागे असतात. ती फुटते तेव्हाचा कडकडाट आणि कार्बनचे धागे तुटतानाचा कडकडाट यांत तिच्या लेखी फारसा फरक नव्हता. संगणकाने एके दिवशी विचारलं, हे नेहमीचं का? केतकीने दिवसभरातल्या पन्नास प्रश्नांबरोबर यालाही हो म्हणून टाकलं. आज सकाळी ट्रॅक्टरचा हिसडा त्याच वाटेने, त्याच दाराने आत आला. टिटवीला वाटलं, चला, नारळ फुटला, दिवस सुरू झाला.

"चूक माझी," शालनताई म्हणाल्या. "नव्वदही नारळ मीच फोडले."

"नारळ तुम्ही फोडलेत," केतकी म्हणाली, "पण त्याकडे लक्ष देऊ नको असं तिला मी सांगितलं. आणि तुमच्याकडेही नाही दिलं."

पिंगळे साहेब तिच्या कानाशी लागून म्हणाले की एक फेरी मारायला काय हरकत आहे, वीस मिनिटांचा तर प्रश्न. केतकीने मान हलवली. डॉक्टर घोरपड्यांसमोर जाऊन तिने सगळ्यांदेखत सांगितलं की विमान आज उडणार नाही, माझ्या यंत्राला नाकाशी ऐकू येत नाही, सासूबाईंना तिथे थर सुटलेले ऐकू आलेत, आणि मी त्यांचं खरं मानते.

गर्दीत चुळबूळ झाली. शेजारच्या परदेशी कंपनीचा विक्रेता उगाच घसा खाकरू लागला. घोरपडेबाई मात्र टिटवीच्या नाकाखाली वाकल्या, बोटावर बोट ठोकून पाहिलं, आणि सरळ होत म्हणाल्या, "थप्प वाजतंय की हो. मशीनचा रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट म्हणतोय दुखतंय, अशा वेळी मी पेशंटचंच ऐकते."

संध्याकाळपर्यंत अल्ट्रासाउंडचं यंत्र आलं. सुटलेले थर तळहाताएवढ्या जागेत होते, शालनताईंनी खडूने काढलेल्या रेघेच्या बोटभर आत. उतरताना नाकाचं चाक दगा देतं की नाही, कुणीच छातीठोक सांगू शकलं नसतं. ते छायाचित्र बघून केतकी खाली पायरीवर बसली. शालनताई शेजारी बसल्या आणि पिशवीतून तिचा डबा काढला. सकाळी ओट्यावर राहिलेला. दोघींनी त्यातूनच खाल्लं.

घोरपडेबाईंनी सही केली नाही, पण पाठही फिरवली नाही. चार महिन्यांनी येते म्हणाल्या. तोवर नाक दुरुस्त करा, टिटवीला पुन्हा शिकवा, आणि आले की विमान दाखवा आणि ही बाईही दाखवा. बारा विमानांबरोबर अशी वाजवणारी माणसं मिळणार नसतील तर विमानंही नकोत. पिंगळे साहेबांनी त्याच दिवशी 'पूर्वीची पद्धत' ही पाटी स्वतःच्या हाताने उखडली. शालनताईंची निवृत्ती पुढे ढकलली ती केव्हापर्यंत, ते कागदावर लिहायचंच राहिलं.

नाक दुरुस्त झालं. पुन्हा नव्वद दिवस शिकवायचं ठरलं, आणि मग खरा वाद पेटला. केतकी म्हणाली, या वेळी नारळ नाही. हँगरातली माणसं म्हणाली, मग इंजिनही नाही. दोन दिवस कुणी कुणाचं ऐकेना. शेवटी शालनताईंनी तोड काढली. नारळ फोडायचा, पण फाटकाबाहेर, पिंपळाच्या पारावर, शंभर पावलांवर. देवाला तिथूनही ऐकू येतं, टिटवीला येत नाही.

जुनं शिकणं पुसण्याआधी केतकीला एकदा इंजिन चालवून बघायचं होतं. पारावर नारळ फुटला, इंजिन सुरू झालं, आणि पडद्यावर चक्क पिवळी अक्षरं आली. 'आज नेहमीचा ठोका आला नाही. काहीतरी राहिलं आहे.' अख्खं हँगर हसत सुटलं. एक म्हातारा वेल्डर तर म्हणाला, बघा, तिलाही चटणीची सवय लागली. केतकी हसली नाही. ती त्या अक्षरांकडे बघत उभी राहिली.

मग तिने सासूला जरा चाचरत सांगितलं की या नव्वद दिवसांत टिटवीला हातही लावायचा नाही. नाणं रुमालातच ठेवायचं. तुम्ही रोज ठोकाल तर ती तुमचंही नेहमीचं म्हणून सोडून देईल.

"माणसांचंही तसंच असतं गं," शालनताई सहज म्हणाल्या. त्यांच्या मनात काही टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला शालनताई ओट्याशी उभ्या होत्या. डबा भरून झाला होता. प्रश्न ओठांवर आला होता, पण त्यांनी तो गिळला. म्हटलं, बघू तरी. त्यांनी हात पुसले आणि गप्प उभ्या राहिल्या. बाहेर केतकीची रोजची धावपळ चालली होती. फोनवर ती कुणाला तरी चाकांबद्दल सांगत होती. एक चप्पल वाजली, दुसरी वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. शालनताईंनी मनात म्हटलं, गेली.

दार मिटल्याचा आवाज मात्र आला नाही. केतकी फोनवर बोलता बोलता थांबली होती. मग पावलं परत आली आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. कानातला फोन तिच्या हातात होता.

"आई," ती म्हणाली, "आज तुम्ही विचारलं नाहीत."

शालनताईंनी डबा पुढे केला. आत पोळी होती, मटकीची उसळ होती, आणि पारावरच्या नारळाची चटणी होती.